एकतीस नंबरची टाकी

कारखान्यात तिला तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे नाकबाई. या नावाला दोन कारणं होती. एक तर तिचं नाक खरोखरच तसं होतं. वाइनच्या चाळीस टाक्यांपैकी कुठल्याही टाकीतला पेला तिच्या नाकाखाली धरला, तर ती डोळे मिटून टाकीचा नंबर सांगायची, आणि कालच्या पाळीत कोणी नळी नीट धुतली नाही हेही सांगायची. दुसरं कारण म्हणजे राग. तो कायम नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. तिथून कोणावर तुटून पडायला त्याला कधी वेळ लागला नाही. नळी न धुणाऱ्याला ती असं काही बोलायची की तो माणूस पुढचा आठवडाभर स्वतःच्या घरची भांडीसुद्धा दोनदा विसळायचा.

चोवीस वर्षं ती त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. काम एकच, यंदाची वाइन मागच्या वर्षीसारखी करायची. एखाद्या वर्षी ऊन फार व्हायचं आणि द्राक्षं गोडमिट्ट यायची, एखाद्या वर्षी पाऊस लांबायचा आणि ती फिकी, आंबट यायची. मग ती चिमूटभर आम्ल, पोतंभर साखर, पाकिटातलं यीस्ट, सालींचा रंग, थोडं गंधक असं काय काय घालून, गाळून, पुन्हा गाळून, दुकानात जाणारी बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीशी आणून जुळवायची. "आभाळाला हवं ते करू दे, बाटलीने करायचं नाही," असं ती नव्या मुलींना शिकवायची. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. ते काम सोपं नाही.

या नाकामुळेच ती प्रतवारी समितीवर होती. दर वर्षी वसंतात नगर कचेरीच्या वरच्या दालनात पाच माणसं एका लांब टेबलाशी बसायची. टेबलावर पांढरं मेणकापड, प्रत्येकापुढे पेले, थुंकायला बादली आणि चिठ्ठ्या. खोऱ्यातल्या प्रत्येक वाइनची तिथे परीक्षा व्हायची. जी पास होई तिच्या बाटलीवर खोऱ्याचं नाव, द्राक्षाची जात आणि साल लिहिता यायचं. नापास झाली तर फक्त "द्राक्षांचं मद्य" एवढंच. म्हणजे आई-बापाचं नाव न लावता पोर शाळेत घालावं तसं.

कारखान्याच्या वाइन पास होणारच होत्या. राहता राहिले डोंगरउतारावरचे छोटे बागाईतदार. त्यांतले बरेच पास होत. पण जे जुन्या पद्धतीने करायचे, न गाळता, काही न घालता, त्यांची वाइन ढगाळ दिसे, आणि फॉर्मवरचा पहिलाच रकाना "स्वच्छता" हा होता. एक जण दर वर्षी बाटली पाठवायचा आणि दर वर्षी नापास व्हायचा. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वाइन व्यापारी. ते त्याचा पेला खिडकीसमोर धरून म्हणायचे, "आले आमचे गढूळराव." सगळे हसायचे. तीही हसायची. त्या माणसाचं खरं नाव काय हे समितीत कोणाला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांच्या अकरा नापास चिठ्ठ्यांवर तिची सही होती.

अकराव्या वर्षी काय झालं, तर अध्यक्षांना यायला तासभर उशीर झाला. कारकुनाने पेले भरून ठेवले होते. वाट बघणं हा तिचा स्वभाव नव्हता. ती एकटीच बसली आणि तिच्या सवयीप्रमाणे डोळे मिटून एकेक पेला हुंगत गेली. सहा पेले ओळखीचे निघाले. सातव्याला ती थांबली. ओल्या दगडाचा वास होता, अक्रोडाच्या सालीचा होता, वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा होता, आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक काही होतं जे तिला चटकन ओळखता येईना. मग ओळखलं. ते द्राक्ष होतं. चोवीस वर्षं द्राक्षाच्या कारखान्यात काढून तिला द्राक्षाचा वास ओळखायला वेळ लागला होता.

तिने डोळे उघडले. पेला गढूळ होता.

तेवढ्यात बाकीचे आले. खुर्च्या सरकल्या, अध्यक्षांनी पेला खिडकीसमोर धरला, नेहमीचं वाक्य टाकलं, सगळे हसले. तिने चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, "गढूळ. अस्वीकार्य." खाली सही. हात आपोआप चालला, आधीची दहा वर्षं चालला होता तसाच. सगळं उरकल्यावर मात्र तिने ती अर्धी बाटली कागदात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. शांत माणूस. रोज संध्याकाळी ती दारातून आत आली की तो विचारायचा, "आज कोणावर?" आणि ती नाव सांगायची. त्या दिवशी ती म्हणाली, "माहीत नाही." त्याने हातातला पाना खाली ठेवला.

जेवताना दोघांनी ती वाइन घेतली. नवऱ्याला वाइनमधलं काही कळत नसे आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. दुसरा पेला संपवून तो म्हणाला, "ही प्यायली की आणखी प्यावीशी वाटते. तुमची प्यायली की पाणी प्यावंसं वाटतं."

"आमची म्हणजे?"

"कारखान्याची."

"मग सरळ कारखान्याची म्हण ना," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. उरलेली वाइन तिने मुद्दाम बूच न लावता खिडकीत ठेवली. कारखान्याची वाइन दुसऱ्या दिवशी मान टाकते, हे तिला पक्कं माहीत होतं. ही चौथ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागली. तेव्हा तिला अध्यक्षांचा राग आला, मग फॉर्म छापणाऱ्याचा, मग त्या गढूळरावाचा, की एवढी चांगली वाइन करतोस तर एकदा तोंड उघडून भांडला का नाहीस. स्वतःचा राग यायला तिला रविवार उजाडावा लागला.

रविवारी नवऱ्याच्या दुरुस्तीच्या गाडीत बसून ती डोंगरावर गेली. पत्ता फॉर्मवरून उतरवून घेतला होता. दगडी उतारावर जुनी, बुटकी द्राक्षाची खोडं होती, माणसाच्या मांडीएवढी जाड. घराला लागून एक लांब पडवी. दारात साठीचा, एका पायाने लंगडणारा माणूस उभा होता. तिने आपण कोण ते सांगितलं. तो आत गेला आणि खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्यांची चळत घेऊन आला.

"गढूळ," त्याने वाचलं. "गढूळ. गढूळ, साका दिसतो. गढूळ. गढूळ, सुधारणा नाही. हे 'सुधारणा नाही' तुमच्या अक्षरात आहे."

"माझंच आहे."

"मग माफी मागायला आलात?"

"नाही. कशी करता ते बघायला आले."

"म्हणजे नापास करायचं आणि वर शिकूनही जायचं. याला चोरी म्हणतात."

आतल्या बाकावर त्याची थोरली बहीण बसली होती. तिला दिसायचं फार कमी, म्हणून बोलणं ऐकूनच ती माणूस जोखायची. ती म्हणाली, "बघू दे रे तिला. डोळे आहेत म्हणते, इतकी वर्षं वापरले नाहीत."

बाईला कोणी असं बोललेलं खपत नसे. ती उलटून काही बोलणार होती. पण पडवीतून तोच वास आला आणि ती गप्प आत गेली.

आत जमिनीत मानेपर्यंत पुरलेले नऊ रांजण होते. तोंडावर दगडी झाकणं, कडेला माती लिंपलेली. द्राक्षं सालीसकट त्यात घालायची, ती आपल्या वेळेला आपोआप आंबतात, शांत होतात, साका खाली बसतो, वसंतात वरची वाइन काढून घ्यायची. एवढंच. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. बाईने कोपऱ्यातून बोट फिरवून पाहिलं, रांजणाच्या ओठाखालून फिरवलं, गटाराच्या जाळीवरून फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. कारखान्यात सतरा माणसं कामाला होती आणि तिथलं बोट कधी असं निघालं नव्हतं. याचाही तिला राग आला.

तिसऱ्या रांजणातली चव घेऊन तिने तोंड वाकडं केलं.

"बिघडलाय," तो म्हणाला. "ओतून टाकणार आहे."

"इलाज होईल. मी दोन दिवसांत—"

"होईल. पण मग ती वाइन तुमची होईल. माझी बिघडली तर बिघडली."

त्या वर्षी ती जवळजवळ प्रत्येक रविवारी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर होती. गढूळरावाने चहासुद्धा विचारला नाही, पण येऊ नका असंही म्हणाला नाही. बाकीच्यांचे पत्ते तिला हळूहळू मिळत गेले. एक निवृत्त टपालवाली होती, तिची फक्त चार ओळींची बाग, आणि तिची पांढरी वाइन चाखली की जीभ लिंबाच्या पानाने पुसल्यासारखी होई. दोन भाऊ होते, सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण द्राक्ष पिळायचं यंत्र एकच असल्यामुळे वर्षातून तीन दिवस एकाच दांड्याला मुकाट्याने रेटा देत. थोरल्याची वाइन धारदार, धाकट्याची ऐसपैस, आणि दोघांची मिसळली तर सगळ्यांत चांगली. हे तिने दोघांना वेगवेगळं सांगून पाहिलं आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. बाई वहीत सगळं टिपून ठेवायची. तिचं नाक पन्नाशी उलटल्यावर पुन्हा पहिलीत जाऊन बसलं होतं.

सुगीच्या दिवसांत ती गढूळरावाकडे गेली तेव्हा थोरली बहीण रांजणापाशी गुडघे टेकून बसली होती. कान झाकणाला लावलेला. आत आंबण्याचा आवाज चालला होता, दूर कुठेतरी पाऊस पडावा तसा. "हा अजून दोन दिवस बोलेल," ती म्हणाली. "पलीकडचा थकलाय." भावाने चव घेऊन पाहिली. तिचं बरोबर होतं. बाईने स्वतः कान लावला. प्रयोगशाळेत त्यासाठी तीन यंत्रं होती.

आणि मग तिने ती चूक केली. वाईट हेतू नव्हता, म्हणून तर ती पुढे जास्त सलली.

कारखान्याचे धाकटे साहेब म्हणजे मालकांचा मुलगा. बाहेर शिकून आलेला, गोड बोलणारा. तिने त्याच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. आपण डोंगरावरच्या बागाईतदारांची वाइन त्यांच्या नावाने बाटलीत भरू, निदान एक टाकी तरी त्यांच्या पद्धतीने करून पाहू. तो खुर्ची पुढे ओढून बसला. त्याने फोन बंद केला. "त्या रांजणांबद्दल आणखी सांगा ना," तो म्हणाला. चोवीस वर्षांत त्या केबिनमध्ये तिला कोणी आणखी सांगा म्हटलं नव्हतं. ती दोन तास बोलली. टपालवाली, दोघे भाऊ, झाकणाला लावलेला कान, सगळं. तो लिहून घेत होता.

शेवटी तो म्हणाला, "एकतीस नंबरची टाकी तुम्ही घ्या. आपली वाइन तशी दिसेल का बघा. गढूळ, पण दुकानात वर्षभर तशीच गढूळ राहायला हवी. तळाशी साका बसला तर लोक परत आणून देतात."

"त्यापेक्षा गाळूच नका. गंधक नको, पाकिटातलं यीस्ट नको."

"ते पुढच्या वर्षी. आधी लोकांच्या डोळ्यांना सवय होऊ दे."

तिला ते पटलं. पहिली पायरी आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. काम अवघड होतं आणि अवघड काम दिसलं की तिचे हात शिवशिवत. स्वच्छ गाळलेली वाइन घेतली, त्यात यीस्टची बारीक पूड घातली, ती पूड तरंगती राहावी म्हणून डिंक घातला, संत्र्याच्या सालीचा भास यावा म्हणून आणखी एक अर्क. नऊ दिवसांत एकतीस नंबरच्या टाकीत सुबक, एकसारखं, न बसणारं धुकं तयार झालं. कृती तिने वहीत तिच्या गोल अक्षरात लिहून ठेवली. काम उत्तम झालं होतं.

हिवाळा सरता सरता पॅकिंगमधल्या एकीने बाईला एक लेबल आणून दाखवलं. जाड, खरबरीत, मुद्दाम जुना केलेला कागद. त्यावर रांजण, आणि रांजणाला कान लावून बसलेली म्हातारी. खाली लिहिलं होतं, "छोट्या बागा, जुने हात. काहीही न घालता. कान लावून ऐकलेली वाइन."

धाकट्या साहेबांच्या केबिनचा जिना चढताना तिने कठड्याला हात लावला नाही.

"हे काय आहे?"

"छान झालंय ना?" धाकटे साहेब म्हणाले. "शब्द तर तुमचेच आहेत. मी तुमचं नाव आभारात घालणार होतो."

"काहीही न घालता? मी माझ्या हाताने घातलंय. पूड घातलीय, डिंक घातलाय."

"डिंक नैसर्गिकच असतो, बाई. झाडाला येतो."

"आणि रांजण कुठे आहे?"

"दोन मागवलेत. पाहुण्यांच्या खोलीत ठेवणार आहोत."

"छोट्या बागा म्हणजे कोणाच्या?"

"बाई, प्रत्येक मोठी बाग कधीतरी छोटीच होती की." तो हसला. त्याला खरंच वाटत होतं की आपण काही वाईट करत नाही, आणि तिचं डोकं फिरलं ते यानेच. चोर चोरासारखा वागला असता तर ती त्याच्याशी चोरासारखं बोलली असती. हा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा तिच्याकडे बघत होता.

तिने लेबल खिशात घातलं आणि त्याच दिवशी दुपारी डोंगर गाठला. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. गढूळरावाने लेबल वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं. बहीण म्हणाली, "काय लिहिलंय?" त्याने लेबल बाईच्या हातात दिलं. तेव्हा बाईनेच मोठ्याने वाचून दाखवलं आणि चित्र कसं आहे तेही सांगितलं.

म्हातारीने हात पुढे करून लेबल घेतलं आणि बोटाने चाचपलं. "माझा कान बाजारात नेलास," ती म्हणाली.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," भाऊ म्हणाला.

"हो, म्हटलं होतं."

"आता काय करणार आहेस?" अहो-जाहो संपलं होतं.

"माहीत नाही."

"मग इथे कशाला आलीस? रडायला? रडायला तुझं घर आहे."

ती रडत नव्हती. परतीच्या वाटेवर नवऱ्याने गाडी चालवता चालवता एकदा तिच्याकडे पाहिलं आणि आज कोणावर हे विचारलं नाही.

समितीची बैठक तीन आठवड्यांनी होती. तिला येऊ नका असं अजून कोणी सांगितलं नव्हतं, कारण एका बाईच्या रागाला कारखान्यात सगळे हवापाण्यासारखं धरायचे. येतो, जातो. तेच दालन, तेच मेणकापड. चौथा पेला एकतीस नंबरच्या टाकीचा. अध्यक्षांनी तो खिडकीसमोर धरला. या वेळी हसले नाहीत. मान डोलावून म्हणाले, "पारंपरिक गढूळपणा आहे. शैलीचाच भाग म्हणायचा. लिहून घ्या, पास." तिघांनी सह्या केल्या.

नववा पेला आला. अध्यक्षांनी तोही धरला. "आले आमचे गढूळराव."

"थांबा," ती म्हणाली. "चौथ्याच्या चिठ्ठीवर काय लिहिलंत ते वाचा."

"पारंपरिक गढूळपणा."

"आणि याच्या?"

"गढूळ."

"फरक काय?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, फरक तुमच्या नाकाला कळतोच की."

"कळतो. म्हणूनच विचारते." तिने पिशवीतून वही काढली आणि एकतीस नंबरच्या टाकीची कृती वाचायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. पुडीचं माप वाचलं, डिंकाचं वाचलं, अर्काचं वाचलं, तारखा वाचल्या. "हे अक्षर माझं आहे. गढूळपणा मी केला, नऊ दिवसांत. त्याआधी ही वाइन आरशासारखी होती. आणि ही नववी, हिच्यात द्राक्षाशिवाय काही नाही. हिला मी अकरा वर्षं नापास केलं. तुम्ही हसलात, मीही हसले. आज मी कुठल्याच चिठ्ठीवर सही करणार नाही."

"घरचा राग इथे आणू नका."

"घरी मला राग यायचं काही कारण नाही. माझा नवरा चांगला आहे. राग इथलाच आहे."

नियम असा होता की यादीवर पाचही सह्या हव्यात. तिने पेनाचं टोपण लावलं आणि ती उठली. त्यामुळे एकतीस नंबरची टाकी अडकली, हे खरं. पण यादी एकच होती. तिच्याबरोबर टपालवाली अडकली, दोघे भाऊ अडकले, सगळं खोरं अडकलं. आठवड्याभरात टपालवाली तिच्या दारात उभी होती. "यादी लागल्याशिवाय कुठलंच लेबल लावता येत नाही, तुझ्या तत्त्वापायी माझ्या बाटल्या पडून आहेत," ती म्हणाली. "तू नोकरदार माणूस. तुला परवडतं. आधी नापास करून मारत होतीस, आता न्याय करून मारतेस."  बाई दार धरून ऐकून घेत राहिली.

कारखान्याचं काढून टाकल्याचं पत्र यायच्या आधीच तिने राजीनामा टाकला. टाकताना धाकट्या साहेबांना काय म्हणाली ते पॅकिंगच्या बायका अजून सांगतात, पण प्रत्येकीचं वेगळं असतं. समितीवर तिच्या जागी दुसरा माणूस आला, त्याने सह्या केल्या, यादी सुटली. तिची वही मात्र दालनातल्या बाकी चौघांनी ऐकली होती, कारकुनानेही ऐकली होती, आणि कारकुनाच्या कानावर आलेलं नगरात राहत नाही. लेबलावरचं "काहीही न घालता" गुपचूप गेलं. म्हातारीचं चित्र गेलं, नुसता रांजण राहिला. वाइन मात्र खपली, भरपूर खपली. अजून खपते. धाकटे साहेब मोठे साहेब झाले.

दीड वर्ष ती कचेरीचे जिने चढत राहिली. अर्ज लिहिले, अर्ज हरवल्यावर तेच पुन्हा लिहिले, एका अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन पेले ठेवून त्याला कामाच्या वेळेत चव घ्यायला लावली. शेवटी न गाळलेल्या वाइनसाठी वेगळा फॉर्म निघाला. त्यात पहिला रकाना "स्वच्छता" नव्हता. "काय काय घातलं ते लिहा, सही करा," हा होता. दोघे भाऊ त्यावर पास झाले, दोन वेगळ्या फॉर्मवर. टपालवालीही पास झाली आणि तिने बाईशी पुन्हा बोलणं सुरू केलं, जरा आखडूनच. गढूळरावाला तिने फॉर्म नेऊन दिला तेव्हा त्याने तो घडी घालून परत तिच्या हातात ठेवला. "इतकी वर्षं तुमच्या कागदाशिवाय प्यायले लोक," तो म्हणाला. "आता मला नको." ती भांडली. तो ऐकेना. तिने त्याला हटवादी म्हटलं, त्याने तिला सरकारी म्हटलं. बहीण म्हणाली, "दोघंही बाहेर जाऊन भांडा, मला रांजण ऐकू येत नाहीत." तो अजूनही तिच्याशी नीट बोलत नाही. अजूनही तिसऱ्या रांजणाबद्दल तिचं मत विचारतो आणि मग त्याच्या उलट करतो.

आता ती नवऱ्याच्या गाडीतून खोरंभर फिरते. छोट्या बागाईतदारांच्या वाइन चाखून कुठे काय चुकलं ते सांगते. नोकरी सुटली म्हणून तिचा राग कमी झाला असेल असं ज्यांना वाटलं, त्यांना ती भेटलेली नाही. उलट तो वाढला, कारण आता नैसर्गिक वाइनची हवा सुटली आहे, आणि ज्याला नळी धुता येत नाही तोही बाटलीवर पानाचं चित्र काढून विकायला बसतो.

मागच्या महिन्यात अशाच एका तरुण जोडप्याकडे ती गेली. दोघं शहरातली नोकरी सोडून आलेली, हौशी, हसरी. त्यांनी पेला पुढे केला. तिने हुंगला, घोट घेतला, थुंकला आणि वाट बघत उभी राहिली. एका बिघाडाचा वास नाकाला येत नाही, घोट गेल्यावर थोड्या वेळाने जिभेच्या मुळाशी येतो. आला. उंदराच्या बिळाचा वास.

"ओतून टाका," ती म्हणाली.

नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. "पण सगळं नैसर्गिक आहे," तो म्हणाला. "आम्ही काहीच केलेलं नाही."

"उंदीरही नैसर्गिकच असतो. आणि काहीच केलं नाहीत ते दिसतंय. हा रांजण शेवटचा कधी घासला?"

"घासायचा असतो?" बायकोने विचारलं.

मग जे काही बाई बोलली ते त्या घरात बराच काळ लक्षात राहील. कारखान्यात सतरा माणसांना जे ऐकावं लागलं नव्हतं ते त्या दोघांना ऐकावं लागलं. तुमच्यासारख्यांमुळे त्या डोंगरावरच्या माणसाला लोक घाणेरडा म्हणतात, ती म्हणाली, आणि त्याची जमीन माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे. तरुण रडवेला झाला. बायको मात्र आत जाऊन लांब दांड्याचा ब्रश आणि गरम पाण्याची बादली घेऊन आली. दोघांनी रांजण रिकामा केला, तरुणाने ब्रश आत घातला आणि वरवर फिरवायला लागला.

बाईने थोडा वेळ पाहिलं. मग बाह्या वर केल्या आणि ब्रश त्याच्या हातातून ओढून घेतला.

"असा नाही. तळापासून. कडेकडेने, गोल."

"पुढच्या वर्षी चांगली होईल का?" बायकोने विचारलं.

"मला काय ठाऊक," बाई रांजणात वाकून म्हणाली. आतून तिचा आवाज घुमला. "पाणी आणा. हे गार झालं."